व्हॉल्व्हपासून स्मार्टफोनपर्यंत : रोजच्या उपकरणांचा प्रवास आणि उद्याची दिशा

एका पिढीपूर्वीच्या मध्यमवर्गीय मराठी घरात रेडिओ, गजराचे घड्याळ, कॅल्क्युलेटर, कॅसेटप्लेअर, कॅमेरा, विजेरी आणि दूरध्वनी या सात स्वतंत्र वस्तू असत. प्रत्येक वस्तू निराळ्या दुकानातून येई आणि बिघडली की निराळ्या कारागिराकडे जाई. आज ही सातही कामे तळहातावर मावणारा एक फोन करतो. हे स्थित्यंतर साधारण पाऊणशे वर्षांत घडले आणि त्यामागे प्रामुख्याने तीन शोध आहेत : ट्रान्झिस्टर, एकात्मिक परिपथ म्हणजेच चिप आणि पुन्हा पुन्हा चार्ज करता येणारी लिथियम बॅटरी. या प्रवासात उपकरणे लहान, स्वस्त आणि सर्वांच्या आवाक्यातली झाली. मात्र ती उघडून पाहण्याची आणि दुरुस्त करण्याची सोय टप्प्याटप्प्याने ग्राहकाच्या हातून निसटत गेली. उद्याच्या उपकरणांचा विचार करताना हा जमाखर्च मांडणे अगत्याचे ठरते.

व्हॉल्व्हचा जमाना

इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा प्रारंभ काचेच्या नळीत झाला. जॉन अँब्रोज फ्लेमिंग यांनी १९०४ मध्ये दोन अग्रांचा आणि ली डी फॉरेस्ट यांनी १९०६ मध्ये तीन अग्रांचा व्हॉल्व्ह तयार केला. हवा काढून घेतलेल्या नळीतील तार तापली की तिच्या उष्णतेने इलेक्ट्रॉन बाहेर पडत. मधल्या जाळीला दिलेल्या अल्पशा विद्युतदाबाने त्यांचा प्रवाह कमीजास्त करता येई. त्यामुळे आकाशातून येणारा क्षीण संकेत ध्वनिक्षेपक हलवण्याइतका सबळ करणे शक्य झाले.

मुंबईत १९२३ मध्ये रेडिओ क्लबच्या हौशी मंडळींनी प्रसारणाचे प्रयोग सुरू केले. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र सुरू झाले आणि १९३६ पासून ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव रूढ झाले. त्या काळचा रेडिओ म्हणजे दिवाणखान्यातले लाकडी कपाटच होते. बटण फिरवल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत आवाजाची वाट पाहावी लागे. उष्णतेपायी वीज खर्च होई आणि व्हॉल्व्ह अधूनमधून जळत. तथापि जळलेला व्हॉल्व्ह खोबणीतून काढून नवा बसवता येई. पुष्कळ संचांच्या मागच्या झाकणाच्या आत मंडलाची आकृतीही चिकटवलेली असे. रेडिओ बाळगण्यासाठी टपाल कार्यालयात शुल्क भरून परवाना घ्यावा लागे. ही पद्धत १९८०च्या दशकापर्यंत चालू होती.

शोधाचे नाव वस्तूला

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन यांनी जर्मेनियमच्या तुकड्यावर पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. विल्यम शॉकली यांनी लगोलग त्याची अधिक व्यवहार्य आवृत्ती मांडली. तिघांना १९५६ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. जे काम व्हॉल्व्ह तापलेल्या तारेच्या साह्याने करी, तेच काम अर्धवाहक पदार्थाचा कण थंडपणे आणि अत्यल्प विजेत करू लागला. स्फटिकाचा असा उपयोग जगदीशचंद्र बोस यांनी फार पूर्वी ओळखला होता. गॅलेना या खनिजावर आधारित त्यांच्या संकेतग्राहकाला १९०४ मध्ये अमेरिकी पेटंट मिळाले होते.

१९५४ मध्ये अमेरिकेत ‘रीजन्सी टीआर-१’ हा खिशात मावणारा रेडिओ विक्रीस आला. त्यात चार ट्रान्झिस्टर होते आणि किंमत ४९.९५ डॉलर होती. पुढच्याच वर्षी सोनी हे नाव धारण करणाऱ्या जपानी संचाने या स्पर्धेत पाऊल टाकले. भारतात या छोट्या संचालाच ‘ट्रान्झिस्टर’ म्हणू लागले. एका सुट्या भागाचे नाव सबंध वस्तूला मिळाल्याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे. वीज न पोहोचलेल्या गावात सेलवर चालणारा हा संच शेतावर, चहाच्या टपरीवर आणि एसटीच्या थांब्यावर दिसू लागला. बाळ ज. पंडित यांचे मराठी क्रिकेट समालोचन कानाशी ट्रान्झिस्टर धरून ऐकणारी एक पिढीच तयार झाली. दिवाणखान्यातला, कुटुंबाने एकत्र ऐकायचा रेडिओ वैयक्तिक वस्तू बनला तो या वेळी. पुढे आलेल्या जवळजवळ प्रत्येक उपकरणाने हीच दिशा धरली.

हिशेबयंत्रातून जन्मलेला मेंदू

सुटे ट्रान्झिस्टर तारांनी जोडण्याचे काम किचकट होते. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समधील जॅक किल्बी यांनी १९५८ मध्ये आणि फेअरचाइल्डमधील रॉबर्ट नॉइस यांनी १९५९ मध्ये सर्व घटक एकाच तुकड्यावर घडवण्याचा मार्ग दाखवला. तीच आजची चिप होय. गॉर्डन मूर यांनी १९६५ मध्ये चिपवरील घटकांची संख्या दरवर्षी दुप्पट होत जाईल, असे भाकीत केले. १९७५ मध्ये त्यांनी हा कालावधी दोन वर्षांचा केला. हा निसर्गाचा नियम नव्हता. तरीही पुढची कित्येक दशके सबंध उद्योगाने आपले वेळापत्रक त्यावरच बेतले.

या वाटचालीतील सर्वांत महत्त्वाचे वळण हिशेबाच्या यंत्रामुळे आले. बिझिकॉम या जपानी कंपनीला आपल्या कॅल्क्युलेटरसाठी अनेक वेगवेगळ्या चिप हव्या होत्या. इंटेलच्या अभियंत्यांनी त्याऐवजी आज्ञावलीनुसार काम बदलणारी एक सर्वसाधारण चिप सुचवली. नोव्हेंबर १९७१ मध्ये बाजारात आलेल्या ‘इंटेल ४००४’ या सूक्ष्मप्रक्रियकावर सुमारे २,३०० ट्रान्झिस्टर होते. तुलनेसाठी, २०२३ मधील आयफोनच्या ‘ए१७ प्रो’ या चिपवर १,९०० कोटी ट्रान्झिस्टर आहेत. यंत्राचे काम आता त्याच्या रचनेवर अवलंबून राहिले नाही, ते आज्ञावलीवर अवलंबून राहू लागले. एकच वस्तू सकाळी नकाशा आणि संध्याकाळी वाद्य होऊ शकते, याचे मूळ इथे आहे.

सेकंदाचे ३२,७६८ ठोके

मनगटावरच्या घड्याळात ही क्रांती निमूटपणे शिरली. सेइको कंपनीने २५ डिसेंबर १९६९ रोजी टोकियोत ‘अ‍ॅस्ट्रॉन’ हे पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस आणले. गारगोटीच्या कुळातील क्वार्ट्झ स्फटिकाला वीज दिली की तो ठरावीक गतीने कंप पावतो. आज सर्रास वापरला जाणारा स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंपतो. ही संख्या सहज निवडलेली नाही. ती पंधरा वेळा निम्मी केली की नेमका एक उरतो आणि हे निम्मे करण्याचे काम चिप बिनचूक करते. किल्ली द्यावी लागणाऱ्या घड्याळात दिवसाकाठी काही सेकंदांची चूक गृहीत धरली जाई. क्वार्ट्झमध्ये तेवढीच चूक महिन्याकाठी होऊ लागली.

या बदलाने स्वित्झर्लंडचा घड्याळ उद्योग हादरला. भारतात १९६१ पासून घड्याळे बनवणारी सरकारी एचएमटी किल्लीच्या घड्याळांसाठी घराघरांत ओळखली जात होती. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या टायटनने क्वार्ट्झवर भर दिला आणि बाजाराचे चित्र पालटले. एचएमटीचा घड्याळ व्यवसाय बंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने २०१६ मध्ये घेतला. क्वार्ट्झमुळे घड्याळ इतके स्वस्त झाले, की ते साफ करण्याची मजुरी परवडेनाशी झाली. दुरुस्तीपेक्षा बदली सोयीची, हा हिशेब ग्राहकाने पहिल्यांदा बहुधा घड्याळाच्या दुकानात केला.

गाणे आणि चित्र : वस्तूकडून आकड्याकडे

फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने श्रोत्याला गाणे ध्वनिमुद्रित करण्याचा अधिकार दिला. १ जुलै १९७९ रोजी जपानमध्ये सोनीचा ‘वॉकमन’ आला आणि चालताचालता गाणे ऐकण्याची कल्पना रुजली. १९८०च्या दशकात भारतात स्वस्त कॅसेटचे पेव फुटले; भक्तिगीते, लोकगीते, वगनाट्ये अशा मोठ्या कंपन्यांनी फारशी दखल न घेतलेल्या गोष्टी गावोगाव पोहोचल्या. गुंतलेली फीत पेन्सिलीने गुंडाळणे हे त्या काळातील घरगुती कौशल्य होते.

१९८२ मध्ये कॉम्पॅक्ट डिस्क आली. तिच्यात ध्वनीची लहर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत साठवलेली असते. ध्वनी एकदा आकडा झाला की तो कशावर साठवला आहे, याला महत्त्व उरत नाही. एमपी३ पद्धतीने हे आकडे थोड्या जागेत बसवले आणि ऑक्टोबर २००१ मध्ये अ‍ॅपलने हजार गाणी मावणारा ‘आयपॉड’ जाहीर केला. आज बहुतेक गाणी उपकरणातही नसतात. ती दूरच्या सर्व्हरवरून येतात. कॅसेट ग्राहकाच्या मालकीची होती. वर्गणी संपताच मिळेनासे होणारे गाणे त्याच्या मालकीचे म्हणता येत नाही.

छायाचित्रणाची कथा अधिक बोधप्रद आहे. कोडॅक कंपनीतील तरुण अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये पहिला डिजिटल कॅमेरा बनवला. तो साडेतीन किलोंहून जड होता. एका कृष्णधवल चित्रात १०,००० बिंदू असत आणि ते कॅसेटवर उतरायला २३ सेकंद लागत. ज्या कंपनीत हा शोध लागला तिचा धंदा फिल्मवर उभा होता. त्यामुळे तिने या वाटेवर झोकून देण्यास उशीर केला. जानेवारी २०१२ मध्ये कोडॅकने अमेरिकेत दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज केला, तेव्हा फोनमधला कॅमेरा घरोघर पोहोचला होता.

बिनतारी संवाद

मोटोरोलाचे मार्टिन कूपर यांनी ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून हातात धरलेल्या फोनवरून पहिला कॉल केला. ग्राहकांसाठीचा संच बाजारात यायला आणखी दहा वर्षे लागली. त्याची किंमत ३,९९५ डॉलर होती आणि जेमतेम अर्धा तास बोलता येई. या यंत्रणेत भूभागाची लहान लहान क्षेत्रे पाडून प्रत्येकात एक मनोरा उभारतात. त्यामुळे त्याच रेडिओलहरी थोड्या अंतरावर पुन्हा वापरता येतात आणि मर्यादित लहरींवर लाखो लोक एकाच वेळी बोलू शकतात.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवरून संभाषण केले. सुरुवातीला येणाऱ्या कॉललाही पैसे मोजावे लागत. २००३ मध्ये ही आकारणी थांबली आणि मोबाइल सामान्य माणसाच्या हाती आला. त्याच वर्षी आलेल्या ‘नोकिया ११००’ या साध्या फोनला धूळ न शिरणारी कळपट्टी आणि टॉर्च होती. जगभरात त्याचे २५ कोटींहून अधिक नग विकले गेले. भाजीवाला, प्लंबर, रिक्षाचालक यांना कायमचा पत्ता नसला तरी कायमचा क्रमांक मिळाला. नाक्यानाक्यावरचे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ त्यानंतर ओस पडत गेले.

जानेवारी २००७ मध्ये आयफोन जाहीर झाला, २००८ मध्ये अँड्रॉइडवरील पहिला फोन आला आणि कळा जाऊन काचेचा पडदा राहिला. कळांवर छापलेली अक्षरे गेल्यामुळे कळपट्टी कोणत्याही लिपीची होऊ शकली. युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश १९९१ पासूनच होता. पण मराठीत निरोप लिहिणे सर्रास झाले ते स्मार्टफोन आल्यावर. २०१६ मध्ये डेटा स्वस्त झाला, त्याच वर्षी यूपीआय सुरू झाले आणि फोन पैशाचे पाकीटही बनला.

बॅटरीचा हिशेब

या सर्वांना चालवणारी बॅटरी मात्र क्वचितच चर्चेत येते. लिथियम-आयन बॅटरी सोनीने १९९१ मध्ये बाजारात आणली. तिचा पाया घालणारे जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. चार्ज होताना लिथियमचे आयन एका अग्रातून दुसऱ्यात जातात आणि वापरताना परततात. प्रत्येक फेरीत थोडे आयन अडकून पडतात, म्हणून काहीशे फेऱ्यांनंतर बॅटरीची क्षमता घटते. चिपची क्षमता दर दोन वर्षांनी दुप्पट होत असताना बॅटरीची प्रगती पावलापावलाने झाली आहे. फोनमधला सर्वांत आधी म्हातारा होणारा भाग तोच. आणि नेमका तोच भाग गेल्या दीड दशकात आवरणात चिकटवून बंद करण्यात आला. नोकियाच्या जुन्या फोनची बॅटरी नखाने झाकण काढून बदलता येई. आज त्यासाठी काच तापवून डिंक सैल करावा लागतो.

दुरुस्तीचा हक्क

मुंबईचा लॅमिंग्टन रोड आणि पुण्याची तपकीर गल्ली ही नुसती बाजारपेठ नाही; तेथे हातातली विद्या वाढली. डाग देण्याची सळई आणि मल्टिमीटर घेऊन बसणारा कारागीर बिघडलेला एक भाग शोधून काढी आणि बाकीचे यंत्र वाचवी. भाग सूक्ष्म झाले, मंडलाच्या आकृत्या गोपनीय झाल्या आणि काही कंपन्यांनी सुटे भाग आज्ञावलीने मूळ संचाशी बांधून टाकले. परिणामी अस्सल सुटा भाग बसवूनही काही सोयी बंद पडतात. कारागिराचे कसब तेच राहिले. त्याला आत शिरायची वाट बंद झाली.

याविरुद्ध जगभर आवाज उठत आहे. फ्रान्सने २०२१ पासून काही उपकरणांवर दुरुस्तीसुलभतेचे गुण छापणे सक्तीचे केले. युरोपीय संघाने २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनसाठी यूएसबी-सी हे समान चार्जिंग बंधनकारक केले. जून २०२५ पासून तेथे फोनचे सुटे भाग विक्री थांबल्यावरही सात वर्षे उपलब्ध ठेवण्याचे बंधन आले. भारतात ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी ‘दुरुस्तीचा हक्क’ हे संकेतस्थळ सुरू केले. कंपन्यांनी दुरुस्तीची माहिती तेथे द्यावी, अशी अपेक्षा आहे. मात्र माहिती मिळणे आणि वाजवी दरात सुटा भाग मिळणे यांत अंतर आहे.

दुरुस्ती टळली की कचरा वाढतो. संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. भारतात १ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू झाले. त्यांनुसार उत्पादकावर आपल्या मालाच्या विल्हेवाटीची जबाबदारी आहे. प्रत्यक्षात पुष्कळसा कचरा अनौपचारिक क्षेत्रात जातो. दिल्लीतील सीलमपूर किंवा मुरादाबादसारख्या ठिकाणी तांबे आणि सोने काढण्यासाठी तारा जाळल्या जातात, पट्ट्या आम्लात बुडवल्या जातात. शिसे आणि विषारी धुराची किंमत तिथले मजूर आणि त्यांची मुले मोजतात.

उद्याची उपकरणे

भविष्याविषयी ठामपणे बोलणे धोक्याचे असले, तरी काही दिशा स्पष्ट आहेत. पहिली गोष्ट म्हणजे चिप लहान करण्याला भौतिक मर्यादा येऊ लागली आहे. ‘३ नॅनोमीटर’ हे आता तंत्राच्या पिढीचे नाव आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. त्यामुळे चिपचे थर एकावर एक रचणे आणि ठरावीक कामासाठी खास भाग बनवणे यांवर भर आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची गणिते फोनमध्येच करणारे भाग हे त्याचेच उदाहरण. भाषांतर किंवा श्रुतलेखन जितके फोनमध्येच होईल, तितका माणसाचा आवाज दूरच्या सर्व्हरवर पाठवण्याची गरज कमी होईल. लिहितावाचता न येणाऱ्या व्यक्तीला मराठीत बोलून यंत्र वापरता येणे ही यातील सर्वांत मोठी शक्यता आहे.

दुसरी दिशा बॅटरीची. सोडियम-आयन बॅटरी लिथियमच्या तुलनेत जड असली, तरी सोडियम मिठाइतके मुबलक आहे. घन विद्युतअपघटनी वापरणाऱ्या बॅटरीत पेट घेण्याचा धोका कमी असेल, अशी अपेक्षा आहे. पण ती मोठ्या प्रमाणावर स्वस्तात बनवणे अद्याप अवघड आहे.

तिसरी दिशा अंगावर वागवण्याच्या उपकरणांची. मनगटावरची पट्टी हृदयाचे ठोके मोजते. दंडावर लावलेला छोटा संवेदक मधुमेही रुग्णाची साखर दिवसभर नोंदवतो. चष्म्यातला पडदा मात्र अजून रुळलेला नाही. गूगलने आपला ‘ग्लास’ हा चष्मा सामान्य ग्राहकांसाठी विकणे २०१५ मध्ये थांबवले, त्यामागे समोरच्याच्या खासगीपणाचा प्रश्नही होता. छातीवर लावण्याचे ‘एआय पिन’ हे उपकरण एप्रिल २०२४ मध्ये ६९९ डॉलरना विक्रीस आले. कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये सेवा बंद केली आणि विकत घेतलेल्या वस्तू एका दिवसात जवळपास निरुपयोगी झाल्या. त्यांत कोणताही बिघाड नव्हता. फक्त दूरचा सर्व्हर थांबला होता. साठ वर्षांपूर्वीचा ट्रान्झिस्टर त्याच्या निर्मात्याचे दुकान बंद झाल्यावरही वाजत राही. उद्याच्या बहुतेक उपकरणांना हे सुख लाभेलच असे नाही.

म्हणून नवे उपकरण घेताना कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजण्याबरोबर आणखी चार प्रश्न विचारणे हिताचे आहे. सुरक्षेची अद्ययावत आज्ञावली किती वर्षे मिळणार? बॅटरी बदलून मिळते का आणि किती खर्चात? इंटरनेट नसताना त्यातले काय चालते? आणि जुना संच परत घेण्याची सोय आहे का? फुगलेली किंवा जुनी लिथियम बॅटरी ओल्यासुक्या कचऱ्यात टाकू नये; दाबली गेल्यास ती पेट घेऊ शकते. जुना फोन देण्यापूर्वी त्यातील माहिती पुसावी आणि तो नोंदणीकृत संकलकाकडेच द्यावा.

प्रवासातील टप्पे

१९०४ – फ्लेमिंग यांचा व्हॉल्व्ह
१९२७ – मुंबईत नियमित रेडिओ प्रसारण
१९४७ – ट्रान्झिस्टरचा शोध
१९५४ – ट्रान्झिस्टरवरील खिशातला रेडिओ विक्रीस
१९५८ – किल्बी यांची चिप
१९६९ – क्वार्ट्झ मनगटी घड्याळ
१९७१ – इंटेल ४००४ सूक्ष्मप्रक्रियक
१९७२ – २ ऑक्टोबर रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू
१९७३ – हातातल्या फोनवरून पहिला कॉल
१९७५ – पहिला डिजिटल कॅमेरा
१९७९ – वॉकमन
१९८२ – कॉम्पॅक्ट डिस्क. भारतात रंगीत दूरचित्रवाणी
१९९१ – लिथियम-आयन बॅटरी बाजारात
१९९५ – भारतात मोबाइल सेवा
२००७ – आयफोन
२०१६ – यूपीआय. डेटाच्या दरांत मोठी घट
२०२३ – भारतात नवे ई-कचरा नियम लागू